बुजगावणं, तांदळा आणि पहाणीचा नववा रकाना

प्रश्न खानापूर भागातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीचा आहे. आज्जीचे डोळे दाखवायला ती बेळगावात आली होती. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या रोबोटने मान हलवली, हात जोडले, गोड आवाजात स्वागत केलं. आज्जीनेही पदर सारखा करून हात जोडले आणि विचारलं, "कुणाची गं तू?" नातीला हसू आलं, पण तो प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. ती विचारते: देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे, मग बोलणारं, माणसासारखं दिसणारं यंत्र व्यक्ती का नाही? आणि यंत्राला माणसाचं रूप देतात, ते नेमकं कशासाठी?

आज्जीने विचारलं तोच कायद्याचा प्रश्न आहे. आम्ही वकील तो जरा वळणं घेऊन विचारतो, एवढंच. तीसहून जास्त वर्षं मी बेळगाव, खानापूर, हुक्केरीच्या कोर्टांत दिवाणी कामं करतोय. निम्मी भाऊहिश्शाची, उरलेल्यांत बरीच देवस्थानाच्या जमिनींची. त्यामुळे दगडाची बाजू मांडायची मला सवय आहे. यंत्राची अजून कुणी दिली नाही.

आधी शेतात चला. जोंधळा पोटरीला आला की आपल्याकडे बुजगावणं उभं करतात. बांबूची उभी-आडवी काठी, जुना शर्ट, गवत कोंबलेलं पोट, डोक्याला मडकं, मडक्यावर चुन्याने डोळे आणि मिशा. हात, डोकं, कपडे, सगळं माणसाचं. त्याच शेताच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला एक दगड असतो. आपण त्याला तांदळा म्हणतो. त्याला नाक नाही, कान नाहीत, हातपाय तर नाहीतच. आता तलाठ्याकडून पहाणी काढा, म्हणजे आपल्या कर्नाटकातला सातबारा. मडक्याच्या मिशीवाल्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. नाक नसलेल्या दगडाच्या नावावर मात्र तीन एकर बारा गुंठे सापडू शकतात. म्हणजे रूप एकाकडे आहे आणि व्यक्तीपण दुसऱ्याकडे. दोन्ही एकत्रच येतात असं आपण धरून चालतो, कारण रोज भेटणाऱ्या माणसांत ते एकत्र असतात.

हे मला ज्या दाव्यात नीट कळलं तो सांगतो. गावाचं नाव घेत नाही. सनद जुनी होती, मोडीतली, तिच्यात जमीन "श्री देव रवळनाथ, वहिवाटदार अमुक" अशी लिहिलेली. वहिवाटदार म्हणजे देवाच्या वतीने जमिनीची व्यवस्था बघणारा. पुढे कधीतरी नक्कल करताना देवाचं नाव गळलं आणि वहिवाटदार एकटाच उरला. दोन पिढ्यांनी त्याच्या नातवाला वाटलं, जमीन आपलीच. त्यात त्याची लबाडी किती आणि कारकुनाचा आळस किती, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याने जमीन विकायला काढल्यावर गावातली चार माणसं माझ्याकडे आली. मी तेव्हा नवा होतो. "श्री रवळनाथ देवालय" असा वादी घालून मसुदा तयार केला. सीनियरनी लाल पेन्सिलीने रेघ मारली. "देवालय म्हणजे भिंती. भिंतींना कुणी जमीन दिली का? देवाला दिली. देवाचं नाव घाल." (लंडनच्या अपील कोर्टाने १९९१ साली तमिळनाडूतल्या एका पडक्या देवळालाच दावेदार म्हणून मान्य केलं होतं, पत्तूरच्या चोरीला गेलेल्या नटराजाच्या खटल्यात. सीनियरना हे ऐकवायचं राहून गेलं.)

मसुदा पुन्हा टाइप करायला दिला. टायपिस्टने मान वर करून विचारलं, "साहेब, वय काय घालू? आणि धंदा?" दाव्याच्या शिरोभागी वादीचं नाव, वय, धंदा, राहणार अशी ओळ असते. आम्ही दोघं थोडा वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. शेवटी वयापुढे आडवी रेघ मारली, धंदाही तसाच सोडला आणि "राहणार" पुढे गावाचं नाव लिहिलं. त्याखाली भक्तांची नावं. देव स्वतः कोर्टात येत नाही, वकीलपत्रावर सही करत नाही. अज्ञान मुलाच्या वतीने जसा पालनकर्ता उभा राहतो तसं त्याच्या वतीने कुणीतरी उभं राहावं लागतं. हे काम एरवी वहिवाटदाराचं, पण वहिवाटदारच उलटला तर साध्या भक्तालाही देवाच्या वतीने दावा लावता येतो. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली राधावल्लभजींच्या खटल्यात हे सांगितलं आणि आमचा दावा त्यावरच उभा होता.

आता दगडाला हे व्यक्तीपण कशामुळे मिळालं? त्याच्यात जीव आहे की नाही, हा प्रश्न कोर्टाने कधी सोडवायलाच घेतला नाही. भक्ताने प्राणप्रतिष्ठा केली ही त्याची श्रद्धा, तिच्यात न्यायाधीश पडत नाहीत. कोर्ट वेगळं काहीतरी बघतं. कुणीतरी, कधीतरी, स्वतःची जमीन चांगल्या कामासाठी सोडली. सोडणारा मेला. आता ती कुणाची? पुजाऱ्याची म्हटली तर पुजारी खाऊन टाकेल. गावाची म्हटली तर गावात दोन तट. म्हणून त्या सोडणाऱ्याच्या हेतूलाच एक नाव द्यायचं आणि ते मालकाच्या रकान्यात लिहायचं. मूर्ती म्हणजे त्या हेतूचा दिसणारा चेहरा. त्यामुळे मूर्ती भंगली, चोरीला गेली, नदीत वाहून गेली, तरी कायद्यातली व्यक्ती संपत नाही. २०१९ च्या अयोध्या निकालात हे सगळं सविस्तर आलं आहे. त्याच निकालात रामलल्ला व्यक्ती ठरले, पण जन्मस्थान ही जागा स्वतःच व्यक्ती आहे ही मागणी कोर्टाने फेटाळली. जमिनीलाच व्यक्ती म्हटलं तर तिच्यावर दुसऱ्या कुणाला हक्कच सांगता येणार नाही, ही अडचण कोर्टाला दिसत होती.

यातला सगळ्यात गमतीचा खटला कोलकात्याचा, १९२५ चा, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलेला. मलिक घराण्यातला घरचा देव, भावांमध्ये पूजेच्या पाळ्या. एकाचं म्हणणं, माझ्या पाळीत देव माझ्या घरी नेणार. दुसऱ्याचं म्हणणं, देवाने जागा सोडायची नाही. लंडनच्या न्यायाधीशांनी सांगितलं की मूर्ती म्हणजे खुर्ची-टेबल नव्हे, वाटेल तिकडे हलवायला. कुठे राहायचं याबद्दल देवाचीही काही इच्छा असेल, आणि ती मांडायला दोघांपैकी कुणाचाही नसलेला एक तटस्थ प्रतिनिधी नेमा. आपल्याकडे रवळनाथाला कौल लावतात तेव्हा तरी काय करतो? पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरव कितीही बलदंड असला तरी पाकळी पडेपर्यंत त्याला थांबावं लागतं. स्वार्थ असलेल्या माणसाला थोडा वेळ बाजूला बसवायची युक्ती, प्रिव्ही कौन्सिलचीही आणि आपल्या गावचीही.

व्यक्ती झाल्यावर देवाला नुसते हक्क मिळाले असं नाही. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की देवाला इन्कम टॅक्स लागू शकतो. आणि कर्नाटकात १९७४ च्या कूळ कायद्यात देवही जमीनदार ठरले. कसणाऱ्या कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला आणि अनेक देवांच्या जमिनी त्यांच्या नावावर गेल्या. मला त्यात अन्याय वाटत नाही. पण मुद्दा पकडून ठेवा. देवाकडे काहीतरी होतं, म्हणून ते जाऊ शकलं. माझ्या धंद्यात व्यक्ती ओळखायची ही साधी खूण आहे: जो हरू शकतो तो. निकाल विरुद्ध गेला तर ज्याच्याकडून काही वसूल होईल असा कुणीतरी.

आता त्या दवाखान्यातल्या रोबोटवर दावा लावून बघा. तिने आज्जीला चुकीच्या खोलीत पाठवलं, आज्जी पायरीवरून पडली, पायाचं हाड मोडलं. हुकूमनामा मिळाला, जप्ती घेऊन गेलात. तिच्या नावावर काय? चार्जरसुद्धा दवाखान्याचा.

युरोपियन संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका ठरावात सुचवलं होतं की अतिप्रगत, स्वयंचलित रोबोटांना पुढेमागे "इलेक्ट्रॉनिक व्यक्ती" असा दर्जा देण्याचा विचार व्हावा, म्हणजे त्यांनी केलेली नुकसानी त्यांच्याच खात्यातून भरून काढता येईल. ऐकायला बरं वाटतं. पण पुढच्याच वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. त्यांची भीती मला रास्त वाटते: यंत्राला पुढे उभं करून बनवणारा मागच्या दाराने निघून जाईल. आम्हाला हा डाव नवा नाही. लंडनच्या सालोमन नावाच्या चांभाराने बुटांच्या धंद्याची कंपनी केली. शेअर जवळजवळ सगळे त्याचेच, उरलेले बायकोपोरांचे. कंपनी बुडाली तेव्हा देणेकऱ्यांनी त्याला धरलं. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, सालोमन वेगळा, कंपनी वेगळी. देणेकरी हात चोळत बसले. त्या दिवसापासून जगातला निम्मा व्यापार माणूस आणि कंपनी यांच्यामधल्या या पडद्याआड चालतो, आणि तो पडदा फाडायला आम्ही वकील उरलेलं आयुष्य घालवतो. कंपनीला निदान भांडवल असतं, संचालक असतात, वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. यंत्राकडे ह्यातलं काहीच नाही.

उत्तराखंड हायकोर्टाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. हेतू चांगलाच होता. पण राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं. नदीला पूर येऊन माणूस वाहून गेला तर भरपाई मागायची कुणाकडे, नदीचे पालक ठरवलेल्या मुख्य सचिवांकडे? जुलैमध्ये स्थगिती मिळाली. नदीच्या बाबतीत हे एवढं अवघड, आणि नदी तर आपल्या कुणाच्या कारखान्यात बनत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोटला नागरिकत्व जाहीर केलं. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सने बनवलेली, चेहरा बाईचा, डोक्याची मागची बाजू उघडी, आतली यंत्रं दिसतात. माझ्या मते ती जाहिरात होती, कायदा नव्हे.

आता दुसरा अर्धा प्रश्न, रूपाचा. इथे मी वकील कमी आणि देवळात बसून बघणारा माणूस जास्त. त्या रवळनाथाच्या दगडावर चांदीचे दोन डोळे मेणाने चिकटवलेले होते, नवसाचे. पंचनाम्यासाठी गेलो तेव्हा गुरवाने आंघोळ घालताना ते काढून तबकात ठेवले. बोटाच्या पेराएवढे दोन पातळ पत्रे, मधोमध काळा ठिपका. तेवढा वेळ समोर नुसता ओला दगड होता. आम्ही सगळे सैलावलो, कोर्ट कमिशनर तर मोबाईलवर बोलायला लागला. डोळे पुन्हा चिकटवले आणि कमिशनर आपोआप बाहेर गेला. कुणी काही बोललं नव्हतं. माणसाचं रूप म्हणून मूर्तिकाराला सगळं शरीर घडवावं लागत नाही. दोन डोळे पुरतात, बाकीचं बघणारा स्वतः भरून काढतो. यंत्र बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून रोबोटला बोटं नसली तरी डोळे असतातच.

लक्ष्मीच्या यात्रेचं उदाहरण यापुढचं. आपल्या भागातल्या पुष्कळ गावांत कित्येक वर्षांनी एकदा यात्रा भरते आणि लाकडी मूर्ती नव्याने रंगवतात. त्याआधी देवत्व कलशात काढून घेतात. मग चितारी तिच्यावर खुशाल पाय टेकवून बसतो, खरवडतो, पुट्टी भरतो. एकाला मी विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाला, "आत्ता लाकूडच की ओ हे. डोळं रंगवलं की मग आई. मग मी बी लांबनं नमस्कार करतो." त्याला रूप आणि व्यक्ती यांतला फरक कुठल्याही कॉलेजात न जाता माहीत होता. देवत्व चालू आणि बंद करता येतं, कुणी, कधी, कुठल्या विधीने केलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. गणपतीचंही तेच: उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की मूर्ती जागेवरून किंचित हलवतो, आणि दहा दिवसांचा पाहुणा निघाला.

यंत्राचं रूप मात्र असं गावासमोर चालू-बंद होत नाही. ते कायम आई असल्यासारखंच समोर उभं असतं, आणि माझा आक्षेप तिथे आहे. जपानचे प्रोफेसर मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक लेख लिहिला. यंत्र माणसासारखं होत गेलं की आपल्याला आवडत जातं, पण अगदी जवळ पोचलं की अचानक शिसारी येते, असं त्यात मांडलं होतं. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं: दिसायला हुबेहूब, हातात घेतला की गार आणि बिनहाडाचा. ती शिसारी एक प्रकारे आपली राखणदार होती. पण आवाजाला शिसारी येत नाही. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली एलायझा हा प्रोग्राम लिहिला, तुमचंच वाक्य उलटवून तुम्हालाच विचारणारा. चेहरा नाही, आवाजही नाही, नुसता टाइप केलेला मजकूर. तो कसा बनला हे माहीत असलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरीही त्याच्याशी बोलायला बसल्यावर त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का. आता तर ही यंत्रं मराठीत बोलतात, "अहो-जाहो" करतात. देव गप्प असतो म्हणून त्याच्या वतीने कुणाला तरी बोलावं लागतं आणि त्या बोलणाऱ्याला हिशेब विचारता येतो. यंत्र दिवसभर बोलतं, आणि त्याच्या बोलण्याच्या आवाजात बोलवणारा लपून जातो.

कोर्ट अजून तरी या बोलण्याला भुललेलं नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कॉम्प्युटरमधली नोंद दाखल करायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर हाडामांसाच्या माणसाची सही लागते. यंत्र साक्षीदार होत नाही, त्याची नोंद हा एक कागद. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर २०२३ मध्ये डाबस नावाच्या यंत्राला पेटंटवर संशोधक म्हणून नाव लावू दिलं नाही.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या नावाने पोरी सोडल्या जात. १९३४ साली मुंबई इलाख्याने त्यावर बंदीचा कायदा केला, कर्नाटकाने १९८२ चा कायदा आणला, तरी नंतरही माझ्याकडे अशा बायका आल्या आहेत, वारसाहक्क मागायला. त्यांच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाच्या जागी रेघ. देवाच्या दाव्यात वयापुढे मी मारलेली रेघ आठवायची. तिथे ती कुणाच्या गावीही नव्हती, इथे तिने पोरांची आयुष्यं अडवली. पूर्ण माणसाचं रूप असलेल्यांना व्यक्ती म्हणायला आपण एवढा वेळ लावला, हे ध्यानात असल्यामुळे यंत्रांच्या हक्कांबद्दल कुणी गहिवरून बोलायला लागलं की माझं मन जरा आखडतं. उद्या खरोखर दुखणारं-खुपणारं यंत्र निघालं तर? तेव्हा बोलू. त्या दिवशी नवा कायदा लागेल, तांदळ्याचा दाखला चालणार नाही.

तेव्हा पोरी, तुझ्या प्रोजेक्टसाठी माझं मत असं लिही: मूर्ती व्यक्ती आहे कारण कुणीतरी तिच्यासाठी स्वतःचं काही सोडलं. यंत्रासाठी अजून कुणी काही सोडलेलं नाही, उलट त्याच्याकडून कमवायला ते उभं केलंय. देवाच्या पहाणीत पुजाऱ्याचं नाव चढू नये म्हणून सुप्रीम कोर्टाला २०२१ साली मध्य प्रदेशच्या प्रकरणात बजावावं लागलं की मालकाच्या रकान्यात फक्त देवाचं नाव लिहा. यंत्राच्या बाबतीत आपल्याला नेमकं उलटं करायचं आहे, पुजाऱ्याचं, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या-वापरणाऱ्याचं नाव ठळक लिहून घ्यायचं आहे. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्याने एवढं तरी केलं: समोर यंत्र आहे हे बोलणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे, आणि जबाबदारी बनवणाऱ्यावर व वापरणाऱ्यावर.

आमच्या रवळनाथाचा दावा अकरा वर्षं चालला. देवाचं नाव पहाणीच्या नवव्या, मालकाच्या रकान्यात परत आलं, बाराव्यात कसणाऱ्याचं म्हणून अजून भांडण चालू आहे आणि पुढची तारीख धारवाडला आहे. तू आज्जीला चष्म्यासाठी परत आणशील तेव्हा त्या रोबोटच्या पाठीमागे जाऊन बघ. कमरेच्या खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी एक पांढरं स्टिकर असेल: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर. त्याचा फोटो काढ आणि आज्जीला वाचून दाखव. कुणाची, म्हणून तिने विचारलं होतं ना.